जिवाणूच्या भिंतीतली दारं कशी सापडली?

(हा भाग ऐकायला वेळ नसेल तर इथे वाचा. बोलण्याच्या ओघातली वाक्यं वाचायला सोपी जावीत म्हणून थोडी आवरली आहेत, बाकी सगळं जसंच्या तसं.)

आजची गोष्ट एका कागदापासून सुरू करू. घरात कोणाला लघवीचं इन्फेक्शन झालं, औषध घेऊनही ताप उतरेना, की डॉक्टर 'कल्चर' करायला सांगतात. दोन-तीन दिवसांनी लॅबचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो. वर जिवाणूचं नाव असतं, बऱ्याचदा ई. कोलाय. त्याच्या आसपास कुठेतरी 'ग्रॅम निगेटिव्ह' असे शब्द. आणि खाली अँटिबायोटिक्सची लांबलचक यादी, प्रत्येकासमोर एकच अक्षर. 'एस' असेल तर औषध चालेल, 'आर' असेल तर चालणार नाही.

त्या यादीत काही नावाजलेली औषधं मुळात नसतातच. उदाहरणार्थ व्हँकोमायसिन. रुग्णालयात भल्याभल्या जिवाणूंना आडवं करणारं औषध, पण ई. कोलायच्या रिपोर्टमध्ये त्याची चाचणीसुद्धा घेत नाहीत. कारण ते आत शिरूच शकत नाही, हे आधीच माहीत असतं.

आत म्हणजे कुठे? आणि मग जी औषधं शिरतात ती कुठून शिरतात? या साध्या प्रश्नाचं उत्तर मिळायला शंभरेक वर्षं लागली. आज त्या शंभर वर्षांची गोष्ट.

बर्लिनमधला जांभळा रंग

१८८४ साल. हान्स क्रिश्चन ग्रॅम हा डेन्मार्कचा तरुण डॉक्टर बर्लिनमध्ये कार्ल फ्रीडलेंडर यांच्याकडे काम करत होता. न्यूमोनियानं दगावलेल्या लोकांच्या फुप्फुसाच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या आणि त्यात जिवाणू शोधायचे, हे त्याचं काम. अडचण अशी की फुप्फुसाच्या पेशी आणि जिवाणू, दोघंही एकाच रंगात रंगायचे. वेगळं काही दिसेचना.

ग्रॅमनं जांभळा रंग लावला, त्यावर आयोडीन टाकलं आणि मग अल्कोहोलनं धुतलं. फुप्फुसाच्या पेशींचा रंग निघून गेला, जिवाणू मात्र जांभळेच राहिले. पण सगळे नाही! काही जातींचे जिवाणू अल्कोहोलमध्ये पार फिके पडले. पद्धतीत उणिवा आहेत, असं ग्रॅमनं स्वतःच लिहून ठेवलं. पुढे ती 'उणीव'च सगळ्यात मोलाची ठरली. रंग धरून ठेवणारे ते ग्रॅम पॉझिटिव्ह आणि सोडून देणारे ते ग्रॅम निगेटिव्ह. कॉलरा, टायफॉइड, प्लेग यांचे जिवाणू दुसऱ्या गटातले. आपला ई. कोलायही.

हा फरक कशामुळे पडतो, हे ग्रॅमच्या हयातीत कळलं नाही. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूचे अगदी पातळ काप बघता यायला लागले. १९५८ साली एडवर्ड केलेनबर्गर आणि आंतोनेत रिटर यांनी ई. कोलायचे असे काप प्रसिद्ध केले. त्यात पेशीच्या नेहमीच्या पटलाच्या बाहेर आणखी एक पटल दिसत होतं. दुहेरी तटबंदीच म्हणा ना. ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूला एक पटल आणि त्याबाहेर जाडजूड भिंत. ग्रॅम निगेटिव्हला एक पटल, मग पातळशी भिंत, आणि तिच्याही बाहेर दुसरं पटल. आजच्या गोष्टीत आपण 'बाहेरचं पटल' म्हणू ते हेच.

फ्लेमिंगच्या कामाला आलेली अडचण

पण या पटलाचा त्रास, किंवा उपयोग, त्याच्या किती तरी आधी माणसाच्या अनुभवाला आला होता. अलेक्झांडर फ्लेमिंग आणि पेनिसिलिनची गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. १९२८, लंडन, बुरशी लागलेली काचेची बशी. शाळेत सहसा न सांगितलेला भाग असा की १९२९ मधल्या त्याच्या प्रसिद्ध निबंधाच्या शीर्षकातच एका जिवाणूचं नाव होतं, ज्याला तेव्हा बी. इन्फ्लुएन्झी म्हणत. हा ग्रॅम निगेटिव्ह. त्याच्यावर पेनिसिलिनचा परिणाम होत नव्हता. म्हणून फ्लेमिंगनं उलटा उपयोग सुचवला: बशीत पेनिसिलिन टाका, बाकीचे जिवाणू मरतील आणि हा एकटा शुद्ध स्वरूपात उरेल.

म्हणजे पेनिसिलिन कोणाला मारत नाही, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. १९५४ मध्ये आपल्या पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला तो याच औषधासाठी, आणि तिथल्या पेनिसिलिनलाही ही मर्यादा होतीच. कारणं एकापेक्षा जास्त आहेत. १९४० मध्ये अब्राहम आणि चेन यांनी ई. कोलायमध्ये पेनिसिलिन मोडून टाकणारं एन्झाइम दाखवलं होतं. पण एन्झाइमशी गाठ पडण्याआधी औषधाला बाहेरचं पटल ओलांडावं लागतं, आणि ते कसं ओलांडलं जातं हे कोणालाच माहीत नव्हतं.

स्लॉट मशीन आणि टी-वन

आता आपण अमेरिकेत जाऊ. वर्ष १९४३, दुसरं महायुद्ध ऐन भरात. साल्व्हादोर लुरिया हा इटलीतून फॅसिस्टांपासून निसटलेला ज्यू शास्त्रज्ञ इंडियाना विद्यापीठात होता. त्याचा सहकारी माक्स डेलब्रुक, मूळचा जर्मन, व्हँडरबिल्ट विद्यापीठात.

दोघं जिवाणूंना मारणाऱ्या विषाणूंवर, म्हणजे फाजवर काम करत होते. कोट्यवधी ई. कोलायवर एक ठरावीक फाज सोडला की जवळजवळ सगळे मरायचे, पण थोडे वाचायचे आणि त्यांची पिल्लावळही वाचायची. प्रश्न असा: हे वाचलेले जिवाणू फाजशी गाठ पडल्यावर बदलले, की आधीपासूनच वेगळे होते?

लुरियाला उत्तराची वाट दिसली ती प्राध्यापकांच्या एका नाचाच्या कार्यक्रमात. एक सहकारी स्लॉट मशीनवर पैसे लावत होता. बराच वेळ हरला आणि मग एकदम मोठा जॅकपॉट. लुरियाच्या डोक्यात चमकलं की जिवाणू आधीपासूनच, योगायोगानं बदलत असतील, तर वेगवेगळ्या नळ्यांमध्ये वाचणाऱ्यांची संख्याही अशीच असणार. बहुतेक ठिकाणी शून्य किंवा दोन-चार, आणि एखाद्या नळीत धो-धो. प्रयोग केला, तसंच दिसलं. बदल आधी होतो, फाज फक्त निवड करतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

त्या फाजचं पुढे रूढ झालेलं नाव टी-वन. त्याला दाद न देणाऱ्या जिवाणूंमध्ये ज्या जनुकांत बिघाड सापडला त्यांना 'टॉन-ए' आणि 'टॉन-बी' अशी नावं पडली. टी-वन वरून टॉन. यातल्या टॉन-ए पासून बनणारं प्रथिन बाहेरच्या पटलात बसतं. फाज त्यालाच पकडतो. ते नसेल तर फाजला चिकटायला जागाच नाही.

पण मग जिवाणू असली धोक्याची वस्तू अंगावर बाळगतोच कशाला? याचा उलगडा १९७५ च्या सुमारास झाला. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये वेन आणि नीलँड्स यांनी दाखवलं की फेरिक्रोम नावाचा रेणू टाकला तर याच वाटेनं शिरणाऱ्या एका फाजला जागा मिळत नाही. फेरिक्रोम बुरशी बनवते, लोह पकडण्यासाठी. ई. कोलाय ते स्वतः बनवत नाही, बुरशीचा माल उचलतो! म्हणजे ही मूळची लोह आत घ्यायची वाट. फाज फक्त तिचा गैरफायदा घेतो.

गळणारी साखर

लोहासाठी खास दार आहे हे ठीक. पण साखर, अमिनो आम्लं, मीठ या रोजच्या गोष्टी कुठून येतात?

बाहेरचं पटल अभेद्य का असतं ते आधी बघू. त्याच्या बाहेरच्या अंगाला एलपीएस नावाचे रेणू दाटीवाटीनं उभे असतात, तळाशी स्निग्ध शेपट्या आणि वर साखरेच्या साखळ्या. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम त्यांना एकमेकांशी घट्ट बांधून ठेवतात. त्यामुळे तेलकट औषधंही यातून सहज झिरपत नाहीत आणि पाण्यात विरघळणारी तर नाहीच नाही.

बर्कलीमध्येच हिरोशी निकाइदो यांच्या प्रयोगशाळेत ताइजी नाकाए यांनी १९७६ साली एक सुंदर प्रयोग केला. साल्मोनेला या जिवाणूच्या बाहेरच्या पटलातली स्निग्ध द्रव्यं वेगळी काढली आणि त्यांचे सूक्ष्म फुगे केले. फुग्यांत दोन गोष्टी भरल्या: साधी साखर, आणि डेक्स्ट्रान नावाचा साखरेचाच भलामोठा रेणू. नुसते फुगे केले तर दोन्ही आतच राहायचे. फुगे बनवताना पटलातलं एक ठरावीक प्रथिन मिसळलं की साखर गळून जायची, डेक्स्ट्रान मात्र आत अडकून पडायचं.

म्हणजे हे प्रथिन भोक पाडत होतं आणि भोकाला माप होतं. नाकाए यांनी त्याला नाव दिलं 'पोरिन'. ई. कोलायच्या पोरिनमधून साधारण ६०० डाल्टनपर्यंतचे रेणू जातात. डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक, पाण्याचा रेणू १८ डाल्टनचा. साखर ३४२, पेनिसिलिन-जी ३३४. आणि आपलं व्हँकोमायसिन? जवळपास १४५०! रिपोर्टमध्ये त्याचं नाव का नसतं ते आता कळलं.

एका ई. कोलायवर असे पोरिन थोडेथोडके नाहीत, लाखाच्या घरात असतात.

स्प्रिंग की पिंप?

भोक आहे हे कळलं. पण ते दिसतं कसं? इथे गोष्ट अडली.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ती दुमडण्याच्या दोन मुख्य तऱ्हा लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये मांडल्या होत्या. एक अल्फा हेलिक्स, जुन्या लँडलाइन फोनच्या गुंडाळलेल्या वायरीसारखी. दुसरी बीटा, म्हणजे माळेचे सरळ धागे शेजारी-शेजारी ठेवून झालेला कागदासारखा पत्रा. कोणते कोन शक्य आहेत आणि कोणते नाहीत याचा नकाशा १९६३ साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन यांच्या गटानं काढला, आजही जगभर तो रामचंद्रन प्लॉट म्हणूनच ओळखतात.

१९७५ मध्ये केंब्रिजच्या हेंडरसन आणि अनविन यांनी पटलात राहणाऱ्या एका प्रथिनाचा पहिला त्रिमितीय आराखडा दाखवला. त्यात सात हेलिक्स उभ्या होत्या. झालं! पटलातलं प्रथिन म्हणजे हेलिक्स, असं समीकरण पक्कं व्हायला लागलं.

त्याला कारणही होतं. माळेच्या कण्यावर ठिकठिकाणी हात असतात असं समजा, हायड्रोजन बंध धरायचे हात. पाण्यात हे हात पाण्याचे रेणू धरतात. पण पटलाच्या आत तेल, धरायला कोणी नाही. मोकळा हात तिथे महागात पडतो. हेलिक्समध्ये माळ स्वतःचेच हात स्वतः धरते, प्रश्न मिटला. बीटाच्या पत्र्यात मधले धागे शेजाऱ्याचे हात धरतात, पण कडेच्या दोघांचा एकेक हात मोकळाच राहतो.

आणि तरीही पोरिन हेलिक्सचं नव्हतं. स्वित्झर्लंडच्या बासेलमध्ये युर्ग रोझेनबुश यांनी १९७४ मध्येच प्रकाशाच्या मोजमापातून दाखवलं होतं की ई. कोलायच्या या प्रथिनात बीटाचं प्रमाण खूप जास्त आहे. शिवाय ते कमालीचं चिवट होतं. कडक साबणात टाकलं तरी उकळल्याशिवाय उलगडायचं नाही.

पुढे त्याच्या ३४० अमिनो आम्लांचा क्रम वाचला गेला तेव्हा आणखी गोंधळ. पटलातून आरपार जाणाऱ्या हेलिक्समध्ये साधारण वीस तेलकट अमिनो आम्लं सलग असतात. इथे तसा एकही पट्टा नव्हता. क्रम बघून कोणी म्हणालं असतं, हे तर पाण्यात राहणारं प्रथिन!

मग ते तेलात बसतं कसं? मोकळ्या हातांचं काय करतं?

उत्तर आपल्याकडच्या लहान मुलांनाही सांगता येईल. दहा जणांनी रांगेत हात धरले तर दोन टोकांना दोन हात रिकामे राहतात. गोल करून उभे राहिले तर एकही नाही. पत्रा गुंडाळायचा, पहिला धागा शेवटच्या धाग्याला जोडायचा, की झालं पिंप. वर-खाली उघडं, मधे पोकळ. आणि प्रत्येक धाग्यात अमिनो आम्लं एकाआड एक: एक बाहेर तोंड करून तेलाकडे, पुढचं आत तोंड करून पाण्याकडे. म्हणूनच सलग तेलकट पट्टा सापडत नव्हता. यालाच बीटा बॅरल म्हणतात.

बारा वर्षांचे स्फटिक

पण हे सगळं डोळ्यांनी दिसायला क्ष-किरण लागतात आणि त्यासाठी प्रथिनाचे स्फटिक. पटलातली प्रथिनं तेलात राहणारी, पाण्यात काढली की गोळा होऊन बसतात. त्यांचे स्फटिक होणं कठीणच, असा समज होता.

१९८० मध्ये मायकेल गॅराविटो आणि रोझेनबुश यांनी सौम्य साबण वापरून ओम्प-एफ या पोरिनचे त्रिमितीय स्फटिक मिळवले. त्याच वर्षी जर्मनीत हार्टमुट मिशेल यांनीही दुसऱ्या एका पटल-प्रथिनाचे स्फटिक मिळवले. पुढे मिशेल प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या प्रथिनाकडे वळले आणि १९८८ चं नोबेल त्यांना, डायझेनहोफर आणि हूबर यांना मिळालं. ते प्रथिन हेलिक्सवालं.

बासेलच्या स्फटिकांवर काम चालूच राहिलं. स्फटिक मिळणं आणि त्यातून रचना उलगडणं यात फार मोठं अंतर असतं. शर्यत आधी जिंकली ती जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या गटानं. गेओर्ग शुल्झ आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये रोडोबॅक्टर या वेगळ्याच जिवाणूच्या पोरिनची रचना सविस्तर छापली. सोळा धाग्यांचं पिंप, आणि अशी तीन पिंपं एकमेकांना टेकून उभी. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, बासेलच्या गटानं ओम्प-एफ आणि त्याचा भाऊबंद फो-ई यांच्या रचना जाहीर केल्या. इथेही सोळा धागे, तीन पिंपं. पहिल्या स्फटिकांपासून बारा वर्षं झाली होती.

तिसऱ्या लूपची गोष्ट

आता रचना हातात आली. तिनं नवीन काय सांगितलं?

धाग्याला धागा जोडताना बाहेरच्या बाजूला माळेची वळणं तयार होतात, त्यांना लूप म्हणतात. ओम्प-एफमधला तिसरा लूप बाहेर मोकळा सुटत नाही, तो पिंपाच्या आत वळतो आणि निम्म्या उंचीवर वाट अरुंद करून टाकतो. तिथे भोक उरतं साधारण ०.७ बाय १.१ नॅनोमीटरचं. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. नाकाए यांच्या फुग्यांनी दाखवलेलं माप कुठून येतं, ते इथे दिसलं.

दुसरी गोष्ट आणखी मजेची. या अरुंद जागी एका बाजूला धन भार आणि समोरच्या बाजूला ऋण भार. म्हणजे फक्त आकार बघून सोडत नाहीत, रेणूचा स्वभावही बघतात. पेनिसिलिन-जी आणि १९६१ मध्ये बाजारात आलेलं अँपिसिलिन यांचं वजन जवळपास सारखं. पण अँपिसिलिनवर ऋण भाराबरोबर एक धन भारही आहे आणि ते कमी तेलकट आहे. पोरिनमधून ते जास्त सहज जातं. रसायनशास्त्रज्ञांनी एक छोटासा अमिनो गट जोडला, तेव्हा त्यांना या दाराचा आकार माहीत नव्हता. काम मात्र झालं. का झालं, याचं चित्र तीस वर्षांनी मिळालं.

बूच लावलेलं दार

आणि आपलं टॉन-ए? त्याला आता फू-ए म्हणतात. १९९८ च्या डिसेंबरात दोन गटांनी, एक जर्मनीच्या कॉन्स्टान्झचा आणि एक बासेलचा, जवळपास एकाच वेळी त्याची रचना छापली. हे पिंप मोठं, बावीस धाग्यांचं. एवढं मोठं उघडं भोक जिवाणूला परवडणार नाही, म्हणून त्यात प्रथिनाचाच एक भाग बुचासारखा बसलेला. फेरिक्रोम वरून येऊन टेकलं की बुचाच्या खालच्या टोकात हालचाल होते, आणि आतल्या पटलातून ऊर्जा घेऊन टॉन-बी ते दार उघडायला मदत करतं. कॉन्स्टान्झच्या रचनेत तर एलपीएसचा एक रेणू पिंपाला चिकटलेला जसाच्या तसा सापडला.

लुरिया आणि डेलब्रुक यांच्या प्रयोगाला तेव्हा पंचावन्न वर्षं झाली होती. दोघांना १९६९ मध्ये हर्षी यांच्यासह नोबेल मिळालं, पण आपले जिवाणू ज्यात बिघाड झाल्यामुळे वाचले ती वस्तू कशी दिसते, हे बघायला दोघंही हयात नव्हते.

दारं बसवणारा सुतार

ही पिंपं पटलात बसवतं कोण? प्रथिन बनतं पेशीच्या आत. आतलं पटल ओलांडून, मधली जागा पार करून, मग त्याला बाहेरच्या पटलात बसायचं असतं. इथे बीटाचा फायदा कळतो. सलग तेलकट पट्टा असता तर ते वाटेत आतल्या पटलातच अडकलं असतं.

२००३ मध्ये नेदरलँड्सच्या उट्रेक्टमध्ये टोमासेन यांच्या गटानं मेनिंजायटिसच्या जिवाणूत दाखवलं की ओम्प-८५ नावाचं प्रथिन काढलं तर बाकीची पिंपं नीट बसतच नाहीत. ई. कोलायमधल्या त्याच्या भावंडाला आपण बाम-ए म्हणतो. तेही स्वतः एक पिंपच! त्याची शिवण एका बाजूला सैल असते आणि तिथूनच नवीन पिंप पटलात सरकतं.

आणि ही प्रथिनं फक्त जिवाणूंची नाहीत बरं. आपल्या पेशीतली मायटोकॉन्ड्रिया कोणे एके काळी स्वतंत्र जिवाणू होती. तिच्या बाहेरच्या पटलात आजही एकोणीस धाग्यांचं पिंप आहे आणि ते बसवणारा सुतार बाम-एच्याच घराण्यातला. हा भाग वाचताना तुमच्या प्रत्येक मायटोकॉन्ड्रियात ती दारं चालू आहेत.

मग आज याचं काय?

आज याचा थेट संबंध आयसीयूतल्या खाटेशी आहे. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं नव्या औषधांची सगळ्यात तातडीची गरज असलेल्या जिवाणूंची यादी काढली. सर्वांत गंभीर वर्गातले सगळे ग्रॅम निगेटिव्ह. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट झालेले मृत्यू जगभरात अंदाजे १२ लाख ७० हजार.

क्लेबसिएला हा त्यातला एक. तो दोन प्रकारे लढतो. औषध मोडणारं एन्झाइम बनवतो, आणि दार अरुंद करतो. दार पूर्ण काढून टाकलं तर औषध थांबतं, पण जेवणही थांबतं. म्हणून काही जातींनी वेगळाच मार्ग काढलाय. पोरिनच्या तिसऱ्या लूपमध्ये फक्त दोन अमिनो आम्लं जास्तीची. तोच लूप! वाट थोडी आवळली जाते, लहान साखर जाते, मोठं कार्बापेनेम औषध रखडतं. आणि थेंब-थेंब आत येणारं औषध मोडून काढायला एन्झाइमला भरपूर वेळ मिळतो. भिंत आणि पहारेकरी एकमेकांना अशी मदत करतात.

पण रचना माहीत असण्याचा फायदा आपल्यालाही आहे. सेफिडेरोकोल हे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्याच्या अंगावर लोह पकडणारा भाग जोडलेला आहे. जिवाणूला वाटतं लोह आलं, आणि तो लोहाच्या खास दारातून त्याला स्वतःच आत ओढून घेतो. लाल महालावरच्या छाप्यात मावळे वरातीत मिसळून पुण्यात शिरले अशी गोष्ट आपण ऐकतो ना, अगदी तसं. त्याच वर्षी बोस्टनच्या किम लुईस यांच्या गटानं डॅरोबॅक्टिन शोधलं, सूत्रकृमींच्या पोटात राहणाऱ्या एका जिवाणूपासून. ते थेट त्या सुताराला, बाम-एला धरतं. सुतार बाहेरच्या पटलातच बसलेला असल्यामुळे औषधाला पेशीत खोल शिरायची गरज नाही. डॅरोबॅक्टिन अजून रुग्णांपर्यंत आलेलं नाही, पण दिशा कळली.

आता लुरियाचा तो मुद्दा आठवा. बदल आधी होतो, निवड नंतर. दार अरुंद असलेला एखादा जिवाणू आपल्या आतड्यात, औषध घेण्याआधीच, कोट्यवधींच्या गर्दीत असू शकतो. एरवी तो कोणाच्या खिजगणतीत नसतो. साध्या विषाणूजन्य सर्दीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली अँटिबायोटिकची स्ट्रिप त्या सर्दीला काहीच करत नाही, पण या गर्दीतले रुंद दारवाले मारते आणि अरुंद दारवाल्याला मोकळं मैदान देते. पुढच्या वेळी रिपोर्टवर 'आर' येतो तो बऱ्याचदा असा.

तर मंडळी, आजच्या भागात एवढंच. घरात जुना कल्चर रिपोर्ट पडला असेल तर काढून बघा, जिवाणूचं नाव आणि 'ग्रॅम' पुढचा शब्द वाचा, आणि यादीत कोणती औषधं नाहीत तेही बघा. प्रश्न पडले तर आम्हाला नक्की पाठवा, त्यांच्यावर एक वेगळा भाग करू. हा भाग आवडला तर डॉक्टरांना न विचारता गोळ्या घेणाऱ्या त्या एका मित्राला फॉरवर्ड करा. प्रत्येकाकडे असा एक असतोच. भेटू पुढच्या भागात!